सीलबंद पाणी : डेस्कटॉप संगणकाच्या शीतकरणाचा इतिहास

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. डेस्कटॉप संगणकाच्या आत, प्रोसेसरच्या डोक्यावर, एक गोल किंवा चौकोनी डबी बसवलेली असते. तिच्यातून दोन रबरी नळ्या निघतात आणि पंखे लावलेल्या एका पातळ रेडिएटरला जाऊन मिळतात. आत पाण्यासारखा द्रव फिरत असतो. तो आपल्याला भरावा लागत नाही, बदलावा लागत नाही. बहुतेक वापरणाऱ्यांना तो कधी दिसतही नाही. बाजारात या वस्तूला 'ऑल-इन-वन लिक्विड कूलर' किंवा नुसतं 'एआयओ' म्हणतात.

या वस्तूची गोष्ट साधारणपणे अशी सांगितली जाते : प्रोसेसर तापू लागले, पंखे पुरेनात, म्हणून पाणी आलं. सोपी गोष्ट आहे, लक्षातही राहते. पण तारखा लावून पाहिल्या तर ती बसत नाही. संगणकात पाणी आलं १९६० च्या दशकात, म्हणजे डेस्कटॉप जन्माला येण्याच्या आधी. डेस्कटॉपचे प्रोसेसर सगळ्यात बदनाम झाले ते २००४ च्या सुमारास, आणि नेमका तेव्हाचा पाण्याचा सर्वांत मोठा कारखानी प्रयोग गळतीसाठी लक्षात राहिला. सीलबंद कूलर घरोघरी पोचायला लागला तो २००९ नंतर, जेव्हा सर्वसाधारण प्रोसेसर उलट थंड झालेले होते. मग मधल्या पाच वर्षांत बदललं काय? आज आपल्याला हेच पाहायचं आहे.

आधी थोडं भौतिकशास्त्र उरकून घेऊ. पाणी उष्णता वाहून नेण्यात हवेच्या किती पुढे आहे? एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला साधारण ४.१८ किलोज्यूल लागतात, एक किलो हवेला साधारण १. पण खरा फरक आकारमानात आहे. एक लिटर पाणी जितकी उष्णता सामावतं, तितकी सामावायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. आकडा घालून बघा : प्रोसेसर २०० वॉट उष्णता टाकतोय आणि पाणी मिनिटाला एक लिटर या वेगाने फिरतंय, तर त्या पाण्याचं तापमान डबीतून जाताना जेमतेम तीन अंशांनी वाढतं.

मात्र इथे एक गैरसमज होतो. हे पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त दुसरीकडे नेऊन ठेवते. शेवटी रेडिएटरमधून उष्णता हवेलाच द्यावी लागते. आपल्या माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं, कारण त्यातलं थोडं पाणी बाष्प होऊन उष्णता घेऊन निघून जातं. सीलबंद कूलरमध्ये काहीच बाहेर जात नाही, त्यामुळे खोली ४० अंशांवर असेल तर आतला द्रव ४० च्या खाली उतरणार नाही. पाण्याचा फायदा इतकाच, की चिमुकल्या चिपवर दाटलेली उष्णता पटकन उचलायची आणि जिथे मोठा पृष्ठभाग ठेवायला जागा आहे तिथे नेऊन पसरायची.

आता इतिहासाकडे. आयबीएमच्या सिस्टम/३६० मालिकेतल्या मॉडेल ९१ या यंत्रात हवा आणि पाणी यांची मिश्र व्यवस्था होती. सर्किटवरून हवा वाहायची आणि ती तापलेली हवा मधेमधे बसवलेल्या पाण्याच्या नळ्यांवरून जाऊन पुन्हा गार व्हायची. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये पाणी आणखी जवळ आलं. तिथल्या एका मॉड्यूलमध्ये शंभराहून अधिक चिप शेजारीशेजारी बसवलेल्या असत. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक धातूचा दट्ट्या टेकलेला असे, मधल्या फटींमध्ये हेलियम वायू भरलेला असे, आणि या सगळ्याच्या माथ्यावर थंड पाणी खेळवलेली पट्टी. हेलियम कशासाठी? तो हवेपेक्षा कितीतरी चांगला उष्णतावाहक आहे म्हणून. १९८५ चा क्रे-२ तर याच्याही पुढे गेला. त्याची सर्किटं फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहून नेणाऱ्या द्रवात पूर्ण बुडवलेली होती.

या यंत्रांमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांच्याबरोबर माणूस येत असे. पाण्याचा दाब बघणारा, गळती तपासणारा, शीतगृहासारखी स्वतंत्र यंत्रणा सांभाळणारा. मोठी संस्था, मोठं दालन, देखभालीचा करार. पाणी वापरणं ही तांत्रिक अडचण कधीच नव्हती. त्या पाण्याकडे रोज लक्ष कोण देणार, हा प्रश्न होता आणि मेनफ्रेमच्या जगात त्याचं उत्तर पगारावर नेमलेलं होतं.

१९९० च्या दशकात हे पाणी निघूनही गेलं. आयबीएमने मेनफ्रेमसाठी बायपोलर ट्रान्झिस्टर सोडून सीमॉस तंत्र घेतलं, विजेची भूक एकदम खाली आली, आणि पाण्याचे नळ काढून पंखे बसले. पाणी ही प्रगतीची पुढची पायरी असती तर ती अशी मागे घेतली गेली नसती.

डेस्कटॉपचा प्रवास याच्या बरोबर उलट दिशेने चालू होता. ३८६ प्रोसेसर उघडा बसायचा, त्यावर काहीच नसायचं. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर धातूचे पंखे-पाते म्हणजे हीटसिंक आले, त्यावर छोटे पंखे आले. १९९३ चा पहिला पेंटियम साधारण १५ वॉट घ्यायचा, आणि तेवढ्यावरही लोक तक्रार करत होते. तरी पुढची काही वर्षं एक नियम तारत होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडलेलं गणित असं, की ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितका त्याचा विद्युतदाबही कमी करता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता वाढत नाही. २००० नंतर हे गणित मोडायला लागलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. २००१ साली इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला होता, की हाच वेग राहिला तर चिपवरची उष्णतेची घनता अणुभट्टीच्या पातळीला जाईल.

२००४ साली आलेला 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ हा त्या इशाऱ्याचा पुरावा ठरला. त्याच्या वरच्या आवृत्त्यांना ११५ वॉटपर्यंतची तरतूद लागत होती. अकरा वर्षांत १५ वरून ११५. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पुढचा 'तेजस' नावाचा प्रोसेसर रद्द केला आणि वेगाच्या शर्यतीतून अंग काढून घेतलं.

या सगळ्या काळात पाणी वापरणारे लोक होतेच, पण ते हौशी होते. ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारे. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ने या छंदाला मोठी चालना दिली, कारण ३०० मेगाहर्ट्झचा तो स्वस्त प्रोसेसर ४५० वर सहज चालायचा. या मंडळींसाठी दुकानात काही तयार मिळत नव्हतं. त्यांनी जुन्या मोटारीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर काढला, मत्स्यालयाचा पंप घेतला, तांब्याचा ठोकळा घरी किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कोरून घेतला, आणि हे सगळं रबरी नळीने जोडलं. पुढे स्विफ्टेक, कूलान्स, डेंजर डेन अशा छोट्या कंपन्या हेच भाग नीट बनवून विकू लागल्या.

आता या हौशी माणसाचं काम काय काय होतं ते बघा. नळ्या मापाने कापायच्या, क्लिपा आवळायच्या. संगणक बंद ठेवून नुसता पंप रात्रभर चालवायचा आणि खाली कागद अंथरून ओल येते का पाहायची. आतली हवा बुडबुडे काढून बाहेर घालवायची. शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात औषध टाकायचं. काही महिन्यांनी पाणी बदलायचं. म्हणजे मेनफ्रेमकडे पगारी माणूस जे करायचा, तेच इथे मालक स्वतः करत होता. ज्याला ते आवडतं त्याला ठीक. पण ज्याला फक्त संगणक हवा आहे, त्याला हे कोण गळ्यात घालून घेणार?

या प्रश्नाला पहिलं मोठं कारखानी उत्तर ॲपलने दिलं. २००३ साली पॉवर मॅक जी-५ आणताना स्टीव्ह जॉब्ज यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठण्याचं आश्वासन दिलं होतं. ते जमलं नाही. जून २००४ मध्ये आलं ते २.५ गिगाहर्ट्झचं दोन प्रोसेसरांचं यंत्र, आणि तेवढा वेगही पाण्याच्या आधारे. त्याची शीतन यंत्रणा मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय कंपनीची होती. कल्पना योग्य होती : गिऱ्हाइकाने काहीच करायचं नाही, सगळं कारखान्यातून भरून यायचं. पण काही वर्षांनी यातल्या अनेक यंत्रांमध्ये जोड सैल पडले आणि द्रव झिरपून प्रोसेसर, बोर्ड, खालचा वीजपुरवठा यांवर गेला. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळण्याची घोषणा केली आणि त्या इंटेल यंत्रांत पाण्याची गरजच उरली नाही. २००६ साली आलेल्या इंटेलच्या कोअर २ ड्युओला बहुतेक आवृत्त्यांत ६५ वॉट पुरत होते. म्हणजे प्रेस्कॉटच्या मानाने जवळजवळ निम्मे.

इथे थांबून विचार करू. उष्णता ही जर एकमेव प्रेरणा असती, तर डेस्कटॉपमधलं पाणी या टप्प्यावर संपायला हवं होतं, मेनफ्रेममध्ये संपलं तसं. ते संपलं नाही. उलट याच काळात ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. कारण दरम्यान डेन्मार्कमध्ये एक वेगळंच काम चालू होतं.

आल्बोर्ग शहरात २००० साली आंद्रे स्लोथ एरिकसन यांनी असेटेक ही कंपनी सुरू केली. तिचं पहिलं उत्पादन 'व्हेपोचिल' पाण्यावर चालत नव्हतं. तो चक्क फ्रिज होता. संगणकाच्या पेटीत कॉम्प्रेसर बसवून प्रोसेसर शून्याच्या खाली नेला जायचा. हौशी लोकांना ते आवडलं, पण घरगुती वापराला ते कठीण होतं. भोवती दव धरू नये म्हणून सगळं झाकावं लागायचं, आवाज आणि किंमत दोन्ही मोठी. तिथून कंपनी पाण्याकडे वळली, आणि २००५ साली तिने एका रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

ही रचना समजून घेऊ, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. हौशी संचात पंप वेगळा, टाकी वेगळी, प्रोसेसरवरचा ठोकळा वेगळा. प्रत्येक वस्तूला दोन जोड, आणि प्रत्येक जोड ही गळतीची एक शक्यता. असेटेकने तिन्ही वस्तू एका डबीत घातल्या. डबीत दोन कप्पे. वरच्यात पंपाचं पातं फिरतं, खालच्यात तांब्याच्या तळावर पाणी उष्णता उचलतं, आणि मधल्या पडद्यातल्या वाटांनी दोन्ही कप्पे जोडलेले. मोटारीचा फिरणारा भाग पाण्यात, विजेची गुंडाळी मात्र पडद्याबाहेर कोरडी. त्यामुळे फिरता दांडा भिंतीतून बाहेर काढावा लागत नाही आणि तिथलं सील झिजण्याचा प्रश्नच येत नाही. बाहेर उरतात फक्त दोन नळ्या. त्या कारखान्यातच कायमच्या बसवायच्या, द्रव भरायचा आणि तोंड बंद करायचं.

यात थंड करण्याची क्षमता वाढली का? चांगल्या हौशी संचापेक्षा तर नाहीच. वाढली ती विकण्याची क्षमता. एचपीने २००७ च्या ब्लॅकबर्ड या महागड्या संगणकात ही यंत्रणा वापरली. कॅनडातल्या कॅलगरीची कूलआयटी कंपनीही याच सुमारास सीलबंद संच आणत होती. आणि २००९ मध्ये कॉर्सेअरने असेटेककडून बनवून घेतलेला एच-५० बाजारात आणला : १२० मिलिमीटरचा एक रेडिएटर, एक पंखा, एक डबी, चार स्क्रू. पेटी उघडायची आणि बसवायचा. २०११ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही आपल्या वरच्या प्रोसेसरांसाठी सीलबंद कूलर देऊ केले. जे काम पूर्वी छंद होतं, ते दुकानातली एक वस्तू झालं.

घरगुती फ्रिजच्या इतिहासाशी याचं साम्य आहे. कृत्रिम शीतकरण एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. पण अमेरिकेत ते स्वयंपाकघरात रुजायला मोठी मदत झाली ती जनरल इलेक्ट्रिकच्या १९२७ च्या 'मॉनिटर टॉप' फ्रिजची, ज्यात कॉम्प्रेसर आणि मोटार दोन्ही एका पोलादी आवरणात कायमचे बंद होते. तेल घालायला नको, वायू भरायला नको. तंत्र घरात येतं ते देखभाल करणारा माणूस त्यातून वजा झाल्यावर.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. जे बंद झालं ते कोणाच्या मालकीचं झालं? असेटेकला अमेरिकेत ऑगस्ट २०१२ मध्ये त्या रचनेची दोन पेटंटं मिळाली. कंपनीने लगेच कूलर मास्टरच्या अमेरिकन शाखेवर दावा लावला. प्रतिवादींचं म्हणणं होतं, की पंप आणि ठोकळा एकत्र करणं ही उघड सुचणारी गोष्ट आहे, असे प्रयत्न आधीही झालेत. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने ते मानलं नाही. विक्रीवर १४.५ टक्के रॉयल्टीच्या दराने नुकसानभरपाई ठरली, पुढे विक्रीला मनाईही झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने मुख्य निकाल कायम ठेवला, मनाईचा काही भाग मात्र फेरविचारासाठी परत पाठवला.

त्याचा परिणाम आपल्याला कूलरच्या आकारात दिसतो. पंप डबीत ठेवला तर दाव्याची भीती, म्हणून कोणी पंप रेडिएटरला चिकटवला, कोणी नळीच्या मध्यावर बसवला, कोणी डबीतल्या कप्प्यांची मांडणी बदलली. स्विफ्टेकला आपला एच-२२० हा संच २०१३ मध्ये अमेरिकन बाजारातून काढून घ्यावा लागला, आणि त्याची पुढची आवृत्ती पंप रेडिएटरवर घेऊन आली. हा संच उघडून पुन्हा भरता येत होता, हे इथे लक्षात ठेवा. एखाद्या यंत्राची रचना अभियंत्याबरोबर वकीलही ठरवतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. आमचं मत असं, की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. भाग जुने होते हे खरं. पण ते नेमके असे जोडले की गळतीची भीती जाते, हे २००५ पर्यंत कोणी बाजारात सिद्ध केलं नव्हतं, हेही खरं. पेटंटची मुदत अर्जापासून साधारण २० वर्षं धरली, तर हे कुंपण आता उतरणीला लागलं आहे.

आणि वापरणाऱ्याचं काय? सीलबंद म्हणजे अमर नव्हे. रबरी नळीतून पाणी अगदी सावकाश, वर्षानुवर्षं बाष्परूपाने झिरपत राहतं आणि आत हवेचा बुडबुडा वाढत जातो. म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवायचं असतं. हवा तिथे जमते, पंप कोरडा पडत नाही. बहुतेक संचांत रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि तळ तांब्याचा असतो. दोन वेगळे धातू एकाच द्रवात आले की गंज धरतो, म्हणून द्रवात गंजरोधक मिसळलेलं असतं. ते कमी पडलं तर चिखलासारखा साका तांब्याच्या बारीक खाचांत अडकतो. आणि पंप हा शेवटी फिरणारा भाग आहे. तो थांबला की बहुतेक संचांत दुरुस्ती नसते. पाच-सहा वर्षांची वॉरंटी संपली की रेडिएटर, तांबं, नळ्या सगळं एकदम भंगारात. हौशी माणूस फक्त पंप बदलायचा.

शिवाय दुसरा पर्यायही सीलबंदच आहे. हवेवर चालणाऱ्या मोठ्या कूलरमधल्या तांब्याच्या कांड्या, म्हणजे हीट पाइप, आतून पोकळ असतात आणि त्यांत थोडंसं पाणी असतं. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र थरातून परत येतं. लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हे उपकरण विकसित केलं. त्यात पंप नाही, नळी नाही, बंद पडायला काही नाही. पंखा गेला तर पंखाच बदला. साध्या वापराच्या प्रोसेसरला हे पुरून उरतं. आज २५३ वॉटपर्यंत जाणारा इंटेलचा १३९००के सारखा प्रोसेसर पूर्ण ताकदीने सतत चालवायचा असेल तर मोठ्या रेडिएटरचा फायदा दिसतो. पण किती घरांत तसं होतं?

मोठ्या यंत्रांत मात्र चक्र पूर्ण फिरलं आहे. आयबीएमने २००८ च्या पॉवर ५७५ मध्ये पाणी परत आणलं. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्टीपर्यंत नेलेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ७०० वॉटच्या चिप एकेका कपाटात दाटीने भरल्यावर पंख्याने भागत नाही. पण तिथे पुन्हा पगारी माणूस आहे, मोजमाप आहे, पंप बदलण्याची सोय आहे. मोठ्या संस्थेने पाणी घेतलं तेव्हा ते उघडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला.

घरातल्या माणसाने तो हक्क देऊन टाकला, त्याबदल्यात रात्रभर कागद अंथरून बसण्यातून सुटका मिळवली. सौदा वाईट नव्हता. त्याशिवाय ही वस्तू इतक्या लोकांपर्यंत पोचलीच नसती. पण आता पेटंटचा दबाव ओसरतोय, आणि द्रव पुन्हा भरता येणारे, पंप सुटा बदलता येणारे संच बनवणं अशक्य नाही, हे काही कंपन्यांनी याआधीच दाखवलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल, तेव्हा किती अंश कमी होतात हे जरूर विचारा. त्याबरोबर पंप गेला तर काय करायचं, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकांनी मागितलं तरच ते बनवणारे द्यायला लागतील.